हार्ड डिस्कवरून एसएसडीवर विंडोज हलवताना नेमकं काय हलतं?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ची नेहमीची मोफत सुरक्षा-अपडेट्स बंद केली आणि घरोघरच्या सात-आठ वर्षं जुन्या कम्प्युटरचं काय करायचं, हा प्रश्न एकदम समोर आला. इंदूरच्या जेल रोडवर विचारायला गेलात, तर एक दुकानदार सांगेल, ‘नवाच घ्या.’ पुढचा सांगेल, ‘एसएसडी टाकून विंडोज ११ मारून देतो, संध्याकाळी घेऊन जा.’ दोघंही दोन वेगळे प्रश्न एकात मिसळतात. कम्प्युटर हळू चालतो तो बहुधा डिस्कमुळे. विंडोज ११ चालेल की नाही, हे ठरतं प्रोसेसर आणि मदरबोर्डवर. पहिल्या प्रश्नाला एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी वेगवान डिस्क, हे उत्तर आहे, दुसऱ्याला नाही.

इथे मुख्यतः पहिल्या प्रश्नाबद्दल, म्हणजे चालू विंडोज, सगळ्या सॉफ्टवेअरसकट, जुन्या हार्ड डिस्कवरून एसएसडीवर कसं न्यायचं त्याबद्दल. काम अवघड नाही. पण ते फसतं तेव्हा जवळजवळ नेहमी एकाच कारणाने: विंडोज म्हणजे सी ड्राइव्ह, असं धरून कोणीतरी फक्त सी ड्राइव्ह उचललेली असते.

मुळात कम्प्युटर हळू का चालतो?

हार्ड डिस्कमध्ये फिरणाऱ्या चकत्या असतात आणि त्यांवर सरकणारी एक वाचक सुई. लॅपटॉपमधली डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, साडेपाच मिलिसेकंद. त्याआधी सुई योग्य पट्टीवर सरकायला आणखी बारा-एक. म्हणजे कुठलीही छोटी गोष्ट शोधायला साधारण १७ मिलिसेकंद. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, सगळं चिपवर. तिथे हाच शोध ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास होतो.

सियागंजातल्या घाऊक किराणा दुकानाची कल्पना करा. गल्ल्यावर शेठ, मागे लांब गोदाम आणि सामान आणायला एकच पोऱ्या. साखरेची दहा पोती मागितली तर तो एका दमात हातगाडीवर घालून आणतो. पण दिवाळीची यादी दिली, शंभर ग्रॅम वेलची, पन्नास ग्रॅम केशरी रंग, पाव किलो चारोळी, अशा दोनशे पुड्या, तर प्रत्येक पुडीसाठी त्याला गोदामाच्या वेगळ्या कोपऱ्यात जावं लागतं. वजन क्षुल्लक असतं, वेळ जातो चालण्यात. विंडोज सुरू होताना डिस्ककडे जाते ती ही दिवाळीची यादी. छोट्या फायलींचे दहा हजार शोध धरले, तर हार्ड डिस्कला १७० सेकंद लागतील, एसएसडीला एक. (विंडोज वाचनाचा क्रम लावून आणि काही गोष्टी आधीच मेमरीत ठेवून यातलं बरंच वाचवतं, पण फरकाचा अंदाज यावा.)

आपल्या कम्प्युटरचं दुखणं हेच आहे का, ते फुकटात तपासता येतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये डिस्कवर क्लिक करा. ‘ॲक्टिव्ह टाइम’ १०० टक्के आणि वाचनाचा वेग सेकंदाला जेमतेम एक-दोन एमबी दिसत असेल, तर दोष डिस्कचाच. तिथे मेमरीही बघून घ्या. ४ जीबी रॅम असेल आणि ती सतत ९० टक्क्यांवर भरलेली असेल, तर एसएसडीबरोबर रॅमही ८ जीबी करा. नाहीतर विंडोज रॅममधला पसारा सारखा डिस्कवर टाकत राहील.

कोणती एसएसडी बसेल?

इथे चुकीचा माल घरी येण्याची शक्यता सगळ्यात जास्त. आकार आणि बोली, म्हणजे एसएसडी मदरबोर्डशी ज्या पद्धतीने बोलते ती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोली दोन: साटा आणि एनव्हीएमई. आकारही मुख्यतः दोन: अडीच इंची चौकोनी डबी आणि एम.२ नावाची च्युइंगगमच्या पट्टीएवढी उघडी पट्टी (२२ मिलिमीटर रुंद, बहुधा ८० लांब). अडीच इंची डबी घरगुती वापरात साटाच असते. पण एम.२ पट्टी साटाही असू शकते आणि एनव्हीएमईही, आणि दोन्ही जवळजवळ सारख्या दिसतात. खाच कुठे आहे, यावरून सगळंच कळत नाही. म्हणून लॅपटॉपच्या किंवा मदरबोर्डच्या मॉडेल नंबरावरून मॅन्युअल काढा आणि तो स्लॉट काय चालवतो ते वाचा. बऱ्याच डेस्कटॉप बोर्डांत एम.२ स्लॉट वापरला की एखाद-दुसरा साटा पोर्ट बंद होतो. ‘एसएसडी लावली आणि डीव्हीडी ड्राइव्ह गायब झाली’ ही तक्रार त्यातली.

सात-आठ वर्षांपेक्षा जुन्या मशीनला निमूटपणे अडीच इंची साटा घ्या. बोर्ड २०१४च्या आधीचा असेल तर तो एनव्हीएमईवरून बहुधा सुरूच होणार नाही, ॲडॉप्टर कार्ड लावलं तरी. आणि नवीन मशीनमध्येही फरक जाहिरातीएवढा नाही. साटाची मर्यादा सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास, चांगली एनव्हीएमई ३५०० ते ७०००. हे आकडे साखरेच्या पोत्यांचे. पुड्यांच्या यादीत दोघींमधलं अंतर फार कमी उरतं. हार्ड डिस्कवरून साटावर आल्यावर जो धक्का बसतो, तो साटावरून एनव्हीएमईवर गेल्यावर बसत नाही.

क्षमता ५०० जीबीच्या आसपास ठीक. २५० जीबीवर विंडोज मावतं, पण एसएसडीला थोडी मोकळी जागा लागते. ती पार भरली की लिहिण्याचा वेग घसरतो. पंधरा-वीस टक्के मोकळी ठेवावी. अनोळखी नावाची फार स्वस्त एसएसडी घेऊच नका. एक टीबी छापलेल्या आणि आत त्याच्या दहाव्या भागाएवढी चिप असलेल्या पट्ट्या बाजारात फिरतात. शंका असेल तर काहीही टाकण्याआधी, रिकामी असतानाच, एच२टेस्टडब्ल्यूसारख्या मोफत प्रोग्रामने ती पूर्ण भरून परत वाचून बघा. पक्कं बिल घ्या, वॉरंटी त्याच्याशिवाय मिळत नाही.

विंडोज म्हणजे नुसती सी ड्राइव्ह नव्हे

स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. सी ड्राइव्हच्या शेजारी, ज्यांना अक्षर नाही असे एक-दोन छोटे तुकडे दिसतील. त्यांना पार्टिशन म्हणतात. लोक त्यांच्याकडे लक्ष देत नाहीत, आणि घोटाळा तिथेच होतो.

बटण दाबल्यावर पहिल्यांदा मदरबोर्डवरचा प्रोग्राम जागा होतो, त्यालाच सरसकट बायॉस म्हणतात. त्याला विंडोज माहीत नसतं. नव्या पद्धतीत, म्हणजे यूईएफआयमध्ये, तो डिस्कवर ईएफआय नावाचं सुमारे १०० एमबीचं पार्टिशन शोधतो. त्यात बूट मॅनेजर असतो. बूट मॅनेजर आपल्या नोंदवहीत बघतो की विंडोज कोणत्या डिस्कच्या कोणत्या पार्टिशनवर आहे, आणि मग सी ड्राइव्हला हात लावतो. जुन्या पद्धतीत, म्हणजे लेगसी बायॉसमध्ये, ईएफआयच्या जागी डिस्कचा पहिला सेक्टर आणि ‘सिस्टीम रिझर्व्हड’ नावाचं पार्टिशन असतं. यूईएफआयबरोबर डिस्कची मांडणी जीपीटी पद्धतीची लागते, लेगसीबरोबर एमबीआर पद्धतीची.

म्हणजे साखळी अशी: बोर्ड, बूट पार्टिशन, नोंदवही, सी ड्राइव्ह. सी ड्राइव्हमधल्या सगळ्या फायली निवडून कॉपी-पेस्ट केल्या तर साखळीची शेवटची कडी तेवढी येते, तीही अर्धवट, कारण विंडोज चालू असताना स्वतःच्या कित्येक फायली कोणाला उचलू देत नाही.

तुमचं मशीन कोणत्या पद्धतीचं आहे ते आत्ताच बघून ठेवा. स्टार्टमध्ये ‘सिस्टीम इन्फर्मेशन’ शोधा, त्यात ‘बायॉस मोड’ या ओळीपुढे यूईएफआय किंवा लेगसी लिहिलेलं असतं. कागदावर लिहा. पुढे उपयोगी पडेल.

क्लोन की नव्याने विंडोज?

क्लोन म्हणजे सगळी पार्टिशनं जशीच्या तशी एसएसडीवर उतरवणं. नव्याने म्हणजे ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवरून कोरं विंडोज टाकणं आणि सॉफ्टवेअर एकेक करून परत बसवणं. नव्याने टाकलेलं स्वच्छ असतं, हे खरं. पण ज्या घरात प्रिंटरचा ड्रायव्हर कोणी टाकला, कृतिदेव फॉन्ट कुठून आला, जीएसटी भरायची डिजिटल सिग्नेचर कशी चालू झाली हे कोणालाच आठवत नाही, तिथे क्लोनच करावा. व्हायरस असेल, विंडोज आधीपासूनच अडखळत असेल, किंवा मशीनमध्ये पायरेटेड विंडोज असेल, तर मात्र क्लोन केल्याने तो रोगही सोबत येतो. तिथे कोरं टाका.

कोरं टाकायचं ठरवलं तर एकच सूचना, पण ती मोडू नका: विंडोज टाकताना मशीनला फक्त एसएसडी जोडलेली असावी. जुनी हार्ड डिस्क जोडलेली राहिली, तर इन्स्टॉलर तिच्यावरचं जुनं ईएफआय पार्टिशनच वापरतो आणि विंडोज तेवढं एसएसडीवर टाकतो. सहा महिने सगळं छान चालतं. मग कोणी जुनी डिस्क काढतं, आणि कम्प्युटर सुरूच होत नाही.

क्लोनच्या आधी काय करायचं

महत्त्वाचे फोटो, दस्तऐवज, हिशेब यांची वेगळ्या डिस्कवर एक प्रत काढा. क्लोन म्हणजे बॅकअप नव्हे. उलट क्लोन करताना स्रोत आणि लक्ष्य उलटे निवडले, तर कोऱ्या एसएसडीचा क्लोन भरलेल्या डिस्कवर होतो. डिस्कची नावं आणि क्षमता दोनदा वाचून मगच पुढचं बटण दाबा.

मग जुन्या डिस्कची तब्येत. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम डिस्कने स्वतःबद्दल ठेवलेल्या नोंदी दाखवतो. ‘रीॲलोकेटेड’, ‘पेंडिंग’ आणि ‘अनकरेक्टेबल’ सेक्टर या तीन ओळींपुढे शून्य असेल तर ठीक. पेंडिंग वाढत असतील, तर डिस्क शेवटच्या घटका मोजते आहे. अशा डिस्कवर तासनतास क्लोन चालवू नका. आधी महत्त्वाच्या फायली बाहेर काढा आणि एसएसडीवर कोरं विंडोज टाका.

बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, हा पुढचा अडथळा, आणि तो आता घरगुती मशीनवरही भेटतो. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते, मालकाला पत्ताही नसतो. सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ शोधा. चालू असेल तर बंद करा आणि उलगडण्याचं काम पूर्ण होऊ द्या. हार्ड डिस्कवर त्याला काही तास लागू शकतात. तरीही ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहून ठेवा. क्लोन झाल्यावर कुलूप परत लावता येतं.

‘फास्ट स्टार्टअप’ही बंद करा. ते चालू असताना ‘शट डाउन’ म्हणजे पूर्ण बंद होणं नसतं. विंडोज अर्धवट झोपलेलं असतं आणि त्याच्या फायली उघड्या राहतात. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ते सापडतं. बंद करायचं राहिलं तर शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा.

आता माप. जुनी डिस्क एक टीबीची आणि एसएसडी ५०० जीबीची असली तरी चालतं. डिस्क केवढी आहे यापेक्षा सी ड्राइव्हमध्ये भरलंय किती, हे महत्त्वाचं. ते एसएसडीच्या तीन चतुर्थांशाहून कमी असावं. व्हिडिओ आणि फोटो सी ड्राइव्हवर साठले असतील तर बाहेर हलवा. आपल्याकडच्या दुकानांत कम्प्युटर घडवताना डिस्कचे सी, डी, ई, एफ असे चार भाग करून देण्याची जुनी पद्धत आहे. अशा वेळी पूर्ण डिस्क क्लोन करू नका. सी आणि तिच्या शेजारची अक्षर नसलेली छोटी पार्टिशनं एवढीच न्या. डी, ई, एफ जुन्या डिस्कवरच राहू द्यात.

शेवटी वीज. उन्हाळ्यात, पावसाळ्याआधीच्या देखभालीसाठी वीज कधीही जाते. डेस्कटॉप यूपीएसवर असावा, लॅपटॉप चार्जरला लावलेला असावा आणि बॅटरी भरलेली. क्लोन मध्येच तुटला तर जुन्या डिस्कला सहसा काही होत नाही, पण काम पहिल्यापासून करावं लागतं.

प्रत्यक्ष क्लोन

लॅपटॉपला साटा-यूएसबी केबल लागते, ३.० जातीची, अडीच इंची एसएसडीला यूएसबीतून मिळणारी वीज पुरते. एम.२ पट्टीसाठी छोटं एन्क्लोजर (यूएसबीची डबी) मिळतं, तेही पट्टीची बोली बघूनच घ्या. डेस्कटॉपमध्ये केबल विकत घ्यायचीच गरज नाही. एसएसडी थेट मदरबोर्डच्या दुसऱ्या साटा पोर्टला जोडा.

सॅमसंगची एसएसडी असेल तर सॅमसंगचाच मोफत प्रोग्राम क्लोन करून देतो. क्रुशियल, डब्ल्यूडी, किंग्स्टन आपल्या ग्राहकांना ॲक्रोनिस या क्लोन प्रोग्रामची मर्यादित आवृत्ती देतात. मॅक्रियम रिफ्लेक्टची मोफत आवृत्ती आता बंद झाली, त्यामुळे जुन्या व्हिडिओत ती दिसली तर वेळ घालवू नका. क्लोनझिला कायम मोफत आणि भरवशाचा आहे, पण पडदे जुन्या पद्धतीचे, आणि लक्ष्य डिस्क लहान असेल तर तो सरळ नकार देतो. त्यासाठी आधी डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह ‘श्रिंक’ करावी लागते. श्रिंक मध्येच अडलं, तर पेज फाइल, हायबरनेशन आणि सिस्टीम रिस्टोअर तेवढ्यापुरते बंद करा. न हलणाऱ्या फायली त्यांच्याच असतात.

प्रोग्राममध्ये स्रोत म्हणून जुनी डिस्क निवडली की सगळी पार्टिशनं दिसतात. ईएफआय (किंवा सिस्टीम रिझर्व्हड), त्याच्या शेजारचं १६ एमबीचं पार्टिशन दिसत असेल तर ते, सी, आणि ५०० एमबी ते १ जीबीचं रिकव्हरी, यांवर खुणा हव्यात. १२० जीबी भरलेली डिस्क यूएसबी ३.०वर बहुधा अर्ध्या तासात ते तासाभरात होते. जुन्या यूएसबी २.० पोर्टात लावलीत तर वेग सेकंदाला तीस-पस्तीस एमबीच्या पुढे जात नाही. यूएसबी ३.०चा पोर्ट बहुधा आतून निळा असतो.

क्लोन झाला की मशीन पूर्ण बंद करा. लॅपटॉपचा चार्जर काढा, आतली बॅटरी सुटत असेल तर तिचं कनेक्शन सोडवा, जुनी डिस्क काढा, तिथे एसएसडी लावा. जुन्या लॅपटॉपचा कप्पा ९.५ मिलिमीटरचा असतो आणि एसएसडी ७ची. बऱ्याच एसएसडींबरोबर येणारी प्लॅस्टिकची चौकट त्यासाठीच असते. एम.२ पट्टी तिरपी घालून मग खाली दाबायची आणि टोकाला छोटा स्क्रू. तो स्क्रू लॅपटॉपमध्ये आधीपासून नसेल तर दुकानातून निघतानाच मागून घ्या, घरी आल्यावर सापडत नाही.

आता पहिल्यांदा सुरू करताना मशीनमध्ये फक्त एसएसडी असावी. दोन्ही डिस्का जोडलेल्या ठेवून ‘बघू कोणती चालते’ असं करू नका. क्लोनमुळे दोन्ही डिस्कांची ओळख सारखी झालेली असते. विंडोज त्यातली एक बंद ठेवतं, किंवा त्याहून वाईट, जुन्या डिस्कवरून सुरू होतं आणि सगळे समजतात की एसएसडी चालली. ‘एसएसडी लावली पण काहीच फरक नाही’ म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांचं हेच झालेलं असतं. सुरू झाल्यावर डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्ह खरंच एसएसडीवर आहे, हे बघा.

सुरू झाला नाही तर

‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ असं काळ्या पडद्यावर आलं तर घाबरू नका, जुनी डिस्क शाबूत आहे. आधी बूट मेनू उघडा: डेल आणि लेनोवोवर एफ१२, एचपीवर एस्केप आणि मग एफ९. एसएसडीचं नाव यादीत दिसतं का? नसेल तर पट्टी किंवा केबल नीट बसलेली नाही, किंवा बोलीच जुळत नाही. दिसत असेल, तर बायॉस मोड तपासा. कागदावर लेगसी लिहिलेलं असेल आणि बायॉसमध्ये यूईएफआय निवडलं गेलं असेल (किंवा उलट), तर मूळ होतं ते परत करा.

निळ्या पडद्यावर, हवं ते डिव्हाइस जोडलेलं किंवा उपलब्ध नाही अशा अर्थाचा संदेश येत असेल, तर साखळीतली नोंदवही बिघडली आहे. विंडोजच्या पेन ड्राइव्हवरून सुरू करा, ‘रिपेअर’मध्ये जाऊन कमांड प्रॉम्प्ट उघडा. डिस्कपार्ट ही पार्टिशनं सांभाळणारी आज्ञा वापरून ईएफआय पार्टिशनला तात्पुरतं एक अक्षर द्या. मग बीसीडीबूट या आज्ञेला दोन गोष्टी सांगायच्या: विंडोज फोल्डर कुठे आहे आणि ईएफआयला कोणतं अक्षर दिलं. ती नोंदवही नव्याने लिहून देते. पेन ड्राइव्हवरून सुरू केल्यावर अक्षरं बदललेली असू शकतात, त्यामुळे सी म्हणजे खरंच विंडोजचा सी आहे का, हे आधी आतले फोल्डर बघून खात्री करा.

‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ ही निळी पाटी वेगळी. विंडोज सापडलं, पण नव्या डिस्कशी बोलण्याचा ड्रायव्हर वेळेवर जागा झाला नाही. साटावरून एनव्हीएमईवर जाताना हे होतं. बायॉसमध्ये डिस्क चालवण्याची पद्धत, एएचसीआय किंवा रेड, जी आधी होती तीच आहे ना ते बघा. मग रिकव्हरीच्या ‘स्टार्टअप सेटिंग्ज’मधून एकदा सेफ मोडमध्ये सुरू करा; सेफ मोड सगळे मूलभूत ड्रायव्हर जागे करतो. पुढच्या वेळी बहुतेक साधं सुरू होतं.

मग विंडोज ११चं काय?

क्रम असा ठेवावा: आधी विंडोज १० तसंच एसएसडीवर, दोन-चार दिवस चालवून बघायचं, मग ११. हार्ड डिस्कवर अपग्रेड करायला बसलात तर अर्धा दिवस जातो. आणि काही बिनसलं तर परतायला जुनी डिस्क आहेच.

मशीन पात्र आहे का, हे मायक्रोसॉफ्टचा ‘पीसी हेल्थ चेक’ सांगतो. ढोबळमानाने किमान इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा एएमडीचा रायझन २००० मालिकेचा प्रोसेसर, टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, सिक्युअर बूट चालवू शकणारं यूईएफआय, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबीची डिस्क. एसएसडीची अट त्यात नाही. टीपीएम कित्येक बोर्डांवर असतो पण बायॉसमध्ये बंद ठेवलेला असतो.

प्रोसेसर पात्र आहे, पण मशीन लेगसी पद्धतीवर आहे, असंही होतं. विंडोज १०मध्येच एमबीआरची जीपीटी करणारी आज्ञा आहे, तिचं नाव एमबीआरटूजीपीटी. ती डेटा न पुसता मांडणी बदलते, पण डिस्कवर मुख्य पार्टिशनं तीनपेक्षा जास्त असली किंवा डी-ई-एफ ‘एक्स्टेंडेड’ पार्टिशनच्या पोटात असली, तर नकार देते. म्हणूनच मघाशी सी आणि छोटी पार्टिशनं एवढंच न्यायला सांगितलं. एसएसडीवर ही अडचण उरत नाही. रूपांतरानंतर बायॉसमध्ये जाऊन यूईएफआय निवडायला विसरू नका.

पात्र नसलेल्या मशीनवर अटी चुकवून विंडोज ११ टाकून देणारे भेटतील. चालतंही. पण पुढची मोठी अपडेट्स मिळतीलच, याची जबाबदारी मायक्रोसॉफ्ट घेत नाही. घरच्या विंडोज १०ला वाढीव सुरक्षा-अपडेट्ससाठी नाव नोंदवता येतं, ती १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळतात. त्यानंतर फक्त ब्राउझर आणि पत्रं-हिशेब एवढंच काम असेल तर त्याच एसएसडीवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकणं हा माझ्या मते जास्त सरळ मार्ग.

‘एसएसडी लवकर मरते म्हणतात’

लिहिण्याला मर्यादा असते, हे खरं. पण आकडा बघा. सॅमसंगच्या ८७० इव्हो ५०० जीबीला ३०० टीबी लिखाणाची हमी आहे. रोज २० जीबी लिहिलं, जे घरगुती वापराला भरपूर झालं, तरी वर्षाला ७.३ टीबी होतात. हमी संपायला चाळीस वर्षं. पाच वर्षांची वॉरंटी त्याच्या कितीतरी आधी संपेल. त्यामुळे एसएसडी वाचवण्यासाठी पेज फाइल बंद करा, टेम्प फोल्डर दुसरीकडे हलवा, असले सल्ले सोडून द्या.

डीफ्रॅगमेंट मात्र करू नका, त्याचा इथे उपयोग नाही. ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’ उघडून सीपुढे ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ लिहिलंय ना, एवढंच बघा. लिहिलं असेल तर विंडोज दर आठवड्याला ट्रिम नावाचं काम आपोआप करतं: कोणत्या जागा आता मोकळ्या झाल्या, हे एसएसडीला सांगतं.

खरा धोका वेगळा आहे. हार्ड डिस्क बहुधा खडखडून, अडखळून, इशारे देत जाते. एसएसडी जाते तेव्हा कंट्रोलर चिप गेली की एका क्षणात सगळं जातं, आणि गेलेला डेटा परत मिळवणंही कठीण. शिवाय ती कपाटात ठेवायची वस्तू नाही. जेडेक या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचा घरगुती एसएसडीसाठीचा निकष असा: लिखाणाची हमी वापरून झालेली असताना, वीज न देता, ३० अंश तापमानात एक वर्ष डेटा टिकला पाहिजे. माळव्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि उष्णता वाढली की हा काळ घटतो. नवी एसएसडी याहून बराच काळ टिकवते, पण लग्नाचे फोटो तिच्यावर घालून ट्रंकेत ठेवायला ती नव्हे.

परवाने, टॅली आणि फॉन्ट

विंडोजचा डिजिटल परवाना प्रामुख्याने मदरबोर्डशी बांधलेला असतो. डिस्क बदलल्याने तो जात नाही. विकत घेतलेल्या बाकीच्या सॉफ्टवेअरचं तसं नसतं. काहींना डिस्क बदलली की मशीनच बदललं असं वाटतं. क्लॉथ मार्केटमधल्या दुकानाचा कम्प्युटर असेल तर टॅलीचा परवाना क्लोनच्या आधी सरेंडर करावा आणि एसएसडीवर पुन्हा चालू करावा, त्याला इंटरनेट आणि खात्याचा पासवर्ड लागतो. हे काम रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी काढू नका. टॅलीचा डेटा डी ड्राइव्हवर असेल, तर जुनी डिस्क परत जोडल्यावर तिला डी हेच अक्षर द्या, डिस्क मॅनेजमेंटमधून. नाहीतर कंपन्यांची यादी रिकामी दिसेल आणि विनाकारण धावपळ होईल.

मंडळाचा वार्षिक अंक घरच्या कम्प्युटरवर जुळवणाऱ्यांनी कोरं विंडोज टाकण्याआधी फॉन्ट फोल्डरची प्रत काढून ठेवावी. कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेल्या जुन्या फायली तो फॉन्ट नसताना उघडल्या की नुसती रोमन अक्षरांची गिचमिड दिसते. क्लोनमध्ये फॉन्ट आपोआप येतात.

जुन्या डिस्कचं काय करायचं

दोन-तीन आठवडे तिच्यावरचं काही पुसू नका. प्रिंटर, स्कॅनर, डिजिटल सिग्नेचर, हिशेब, सगळं एकेकदा चालवून बघा. तोवर ती परतीची वाट आहे.

नंतर लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर तो काढून त्या जागी कॅडी नावाच्या चौकटीत जुनी डिस्क बसवता येते. कॅडी ९.५ आणि १२.७ मिलिमीटर अशा दोन जाडीत मिळते, ड्राइव्ह मोजून घ्या. एसएसडी मात्र मुख्य कप्प्यातच राहू द्या. काही लॅपटॉपमध्ये डीव्हीडीच्या जागेचा साटा निम्म्या वेगाचा असतो. किंवा डिस्कला यूएसबी डबी घालून बॅकअपसाठी ठेवा. डेस्कटॉपची साडेतीन इंची डिस्क असेल तर तिला १२ व्होल्ट लागतात, म्हणून स्वतःचा अडॅप्टर असलेली डबीच घ्या.

भंगारात किंवा दुसऱ्याला द्यायची असेल तर नुसतं क्विक फॉरमॅट पुरेसं नाही. फायली तिथेच असतात, फुकटच्या प्रोग्रामनेही परत काढता येतात. डिस्कपार्टमध्ये डिस्क निवडून ‘क्लीन ऑल’ ही आज्ञा दिली की प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहिलं जातं. एक टीबीला साधारण तीन तास लागतात आणि त्या वेळात पडद्यावर काहीच हलताना दिसत नाही. डिस्क निवडताना तिचा क्रमांक नव्हे, क्षमता बघा. दोन्ही डिस्का एकाच मापाच्या असतील तर एसएसडी सोडवून, पेन ड्राइव्हवरून सुरू करून हे काम करा.